नसलेला उंचवटा

“मॅडम, फोटू फुटायलाय,” फोनवर जीवन फ्लेक्सवाला म्हणाला. “तुमचा न्हाई, तुमचा एक नंबर आलाय. शेजारचं चित्र फुटायलंय. ते डोंगरावानी हाय ना, ते. पाच फुटाला ताणलं की नुसते ठिपके दिसायलेत. मोठं करून पाठवा की.”

वनमाला गर्जेला हसू आलं. तिच्या आयुष्याचं काम ज्या आलेखात होतं, त्याला डोंगर म्हणणारा हा पहिलाच माणूस. आणि खोटं काय होतं? सपाट चालत आलेली रेघ एका ठिकाणी छान उंचावून पुन्हा खाली येत होती. प्रबंधात तिने त्याला ‘उंचवटा’ म्हटलं होतं. तेवढ्या एका उंचवट्यासाठी तिच्या केसांत पांढरी बट आली होती.

फ्लेक्स आजच्याच सत्काराचा होता. माहेरी, शिरूर कासारजवळच्या वाडीत, दुपारी चारला. तशी तिची तोंडी परीक्षा अजून व्हायची होती, दिवाळीनंतर. पण दसरा उलटला की वाडी रिकामी होते. ट्रॉल्या भरून टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि मागे राहतात म्हातारी माणसं आणि कुलपं. तिचा धाकटा भाऊ तानाजी स्वतः टोळीचा मुकादम. त्याने सरळ हिशेब मांडला. “डिगरी कवाबी मिळंल, अक्का. माणसं कुठून आणू? कुलपांपुढं सत्कार करू का?” म्हणून सत्कार आधी, पदवी मागून. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातलाच प्रकार. वनमालाने दोनदा नको म्हणून पाहिलं आणि मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर मनातून तिला तो हवाच होता.

का नसावा? आईबाप उसाच्या फडात, ही वाडीत रतनबाई आत्याच्या घरी, मग बीडच्या वसतिगृहात. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली तेव्हा वाडीत कुणाला त्याचा उच्चार धड येत नव्हता. नोकरी लागली ती गेवराईच्या कॉलेजात, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नवा अर्ज, नवी नेमणूक आणि प्राचार्यांच्या दारात तोच जुना नमस्कार. बरोबरच्या मैत्रिणी आता निवृत्तीच्या गोष्टी करत होत्या आणि हिची नोकरी अजून सुरूच झाली नव्हती. यंदा मात्र संस्थेने सांगितलं होतं, वर्षअखेर डॉक्टरेट हातात असेल तर कायमची जागा तुमची. विद्यापीठाची मुदतही तेव्हाच संपत होती. प्रबंध देऊन झाला होता. हत्ती गेला होता, शेपूट तेवढं राहिलं होतं.

कॉलेजला सुट्टी होती आणि आलेख काढायचा प्रोग्रॅम होता तिथल्या जुन्या संगणकात. तेव्हा तिने लेकीला हाक मारली आणि प्रबंधातलं सूत्र आणि आकडे तिच्यापुढे ठेवले. सायली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि लॅपटॉप मांडीवर घेऊनच ती जेवायची.

“आई, एवढं मोठं कशाला लिहायचं? ही फंक्शनं तयार मिळतात. एका ओळीत मागवायची.”

“मागव बाई,” वनमाला म्हणाली आणि पोहे परतायला वळली.

तिचं काम समजायला अवघड नाही, नुसतं ऐकायला अवघड आहे. अणूच्या गाभ्यावर एक कण सोडायचा. तो आदळून कुठल्या दिशेला किती उधळतो, ते आधीच गणिताने सांगायचं. त्यासाठी त्या कणाची लहर पायऱ्यापायऱ्यांनी मोजतात, आणि दर पायरीला एका विशिष्ट फलनाची, म्हणजे सायली म्हणाली त्या फंक्शनची, किंमत लागते. सगळ्यांत खालच्या दोन पायऱ्यांच्या किमती अगदी नेमक्या माहीत असतात. पुढची प्रत्येक पायरी मागच्या दोन पायऱ्यांवरून काढता येते. असं वर वर चढत जायचं. वनमालाचा प्रोग्रॅम तेच करायचा. तो तिने लिहिलेला नव्हता. मार्गदर्शक रामप्रसाद सरांनी तो तिला पहिल्याच दिवशी दिला होता. सरांना तो त्यांच्या सरांनी दिला होता. वनमालाने पाया पडून घेतला आणि वापरला. प्रसाद कुणी तपासून खातं का?

“आई, तुझा डोंगर कुठाय?” सायलीने विचारलं.

वनमाला हातातलं उलथनं घेऊनच आली. पडद्यावर रेघ होती. डावीकडून उजवीकडे हलक्या उताराने चाललेली. मध्ये काही नाही.

“तू काहीतरी चुकीचं घातलंस.”

“तू दिलेलेच आकडे घातलेत.”

तिने गॅस बंद केला आणि स्वतः बसली. आकडे तेच होते. सूत्र तेच होतं. मग तिने प्रबंध उघडून दर पायरीची किंमत लॅपटॉपच्या किमतीशेजारी लावली. खालच्या पायऱ्या बरोबर जुळल्या, शेवटच्या अंकापर्यंत. तिला बरं वाटलं. नंतर एका पायरीला शेवटचा अंक बदलला. त्याच्या वरच्या पायरीला आणखी दोन बदलले. आणि मग दोन्ही रांगा फटकूनच गेल्या. लॅपटॉपचे आकडे लहान लहान होत शून्याकडे निघाले आणि तिचे फुगत गेले.

वनमालाच्या तोंडचं पाणी पळालं. कारण लहान व्हायला हवेत हे तिला माहीत होतं. दर वर्षी वर्गात ती तेच शिकवायची, की कमी ऊर्जेचा कण वरच्या पायऱ्यांपर्यंत पोचतच नाही. चढताना शेवटच्या अंकात जी कणभर चूक राहते, ती दर पायरीला गुणली जाते आणि खऱ्या किमतीला खाऊन टाकते. ऊर्जा भरपूर असेल तोवर काही बिघडत नाही. कमी ऊर्जेला मात्र वर चढायचंच नसतं, वरून खाली उतरायचं असतं. वरच्या टोकाला एक शून्य आणि एक मनचा आकडा धरायचा आणि उतरत यायचं. उतरताना चूक झिजते. तळाशी आलं की नेमक्या माहीत असलेल्या किमतीशी ताडून सगळी रांग त्या मापात बसवायची. पुस्तकात हे तळटिपेत असतं. तळटीप तिने वाचलेली होती. पण सरांच्या प्रोग्रॅमचा आणि त्या तळटिपेचा काही संबंध असेल, हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

तिने पाठकोरा कागद घेतला, कॅल्क्युलेटर घेतला आणि हाताने उतरत आली. लॅपटॉपचं बरोबर होतं.

अजून एक गोष्ट तिला आठवली. उंचवट्याच्याही खालच्या ऊर्जेला तिचे आकडे पिसाळल्यासारखे व्हायचे. ते तिने आणि सरांनी मिळून सोडून दिले होते. ‘या मर्यादेखाली हे प्रारूप लागू होत नाही,’ असं एक वाक्य प्रबंधात घातलं होतं. आता कळत होतं की तो उंचवटा म्हणजे त्याच पिसाळण्याची सुरुवात होती. तेवढी सुरुवात गोंडस दिसली म्हणून ती ठेवली आणि पुढचं कापलं.

“म्हणजे चुकलंय?” सायलीने हळूच विचारलं.

“म्हणजे नाहीच आहे,” वनमाला म्हणाली.

तिने सरांना फोन लावला. आवाज कापू नये म्हणून उभी राहून बोलली. रामप्रसाद सर सेवानिवृत्त, एकटेच राहणारे, फोनवर मोजकं बोलणारे. तिने सगळं सांगितलं. 

“सर, ऐकताय ना?”

“हं,” सर म्हणाले आणि फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला तर उचलला नाही. सत्काराला प्रमुख पाहुणे तेच होते. आता ते येणार नाहीत हे ती धरूनच चालली. मोठं चित्र जीवनला पाठवायचं राहिलंच. तेवढ्यात तानाजीने पाठवलेली जीप दारात येऊन हॉर्न वाजवायला लागली.

सायली लॅपटॉप मांडीवर घेऊनच जीपमध्ये बसली. वाडीच्या वेशीत गाडी थांबली आणि वनमालाने मान वर केली. जीवनने चित्राची वाट पाहिली नव्हती. होतं तेच ताणलं होतं. वर सोनेरी अक्षरांत ‘वाडीची कन्या डॉ. वनमालाताई’, एका बाजूला तिचा हात जोडलेला फोटो आणि दुसऱ्या बाजूला ठिपक्याठिपक्यांचा तो उंचवटा, माणसाएवढा. त्याच्यामागून कलाकाराने स्वतःच्या हौसेने सूर्य उगवता दाखवला होता.

 ती खाली उतरली तशी हलगी सुरू झाली.

तानाजी घामाघूम होऊन मंडपातून आला. तिने त्याला दंडाला धरून बाजूला ट्रॉल्यांच्या आडोशाला नेलं. ट्रॉल्यांत आधीच झोपायच्या बाजा, भांडी, पत्रे रचलेले होते. सकाळी निघायचं होतं.

“तानाजी, सत्कार थांबव. माझं काम चुकलंय. जे सापडलं म्हणून लिहिलं, ते नाहीच. मी डॉक्टर होत नाही.”

तानाजी तिच्याकडे बघतच राहिला. “कोण म्हणलं?”

“मीच.”

“आजूक कुणाला ठाव हाय?”

“सरांना सांगितलंय.”

“मंग त्यायला सांग गप बसा म्हणून,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “अक्का, परीक्षा घेणारे येतेत, चहा पितेत, जातेत. तूच म्हणलीवतीस ना, पानं उलटून बघत न्हाईत म्हणून? डिगरी घे. नोकरी पक्की कर. मंग काय ते शोध निवांत. आता कावून सांगायलीस?”

तो वाईट बोलत नव्हता. वनमालाला ते सगळं जीपमध्ये आधीच सुचून गेलं होतं आणि त्याच शब्दांत. कायमची नोकरी, सायलीचं लग्न, दर जूनचा तो नमस्कार. परीक्षकांपैकी एकजण सरांचाच जुना विद्यार्थी होता. कुणी विचारणार नव्हतं. हे माहीत असल्यामुळेच तिला आत्ता सांगून मोकळं व्हायचं होतं.

“लेकरायला तेच शिकवायचं जन्मभर? तो डोंगर?” ती म्हणाली.

तेवढ्यात बायका आल्या आणि तिला ओढतच मंडपात घेऊन गेल्या. पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, रतनबाई आत्याने कडाकडा बोटं मोडली. कुणीतरी तिच्या डोक्यावर फेटा चढवला. स्टेजची पायरी चढताना तिने समोर पाहिलं आणि ती गचकन थांबली.

खुर्चीवर रामप्रसाद सर बसले होते. डोक्यावर तसाच गुलाबी फेटा, मांडीवर कापडी पिशवी. चेहरा आजाऱ्यासारखा उतरलेला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

भाषणं झाली. एकाने तिला गावाची शान म्हटलं, दुसऱ्याने अणुबाँबचा उल्लेख केला. मग माइक तिच्या हातात आला. पुढे खाली सतरंजीवर छबुबाई बसली होती, तिची आई. नवं लुगडं नेसून, पाय पोटाशी घेऊन. वनमालाने आईकडे बघायचं टाळलं.

“मी चुकले,” ती म्हणाली. “माझ्या कामात मोठी चूक आहे. ती मला आज सकाळी कळली. हा सत्कार मला घेता येत नाही.”

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला.

वनमालाला क्षणभर काही कळेना. तानाजीने माइक जवळजवळ हिसकावून घेतला. “बघितलं का मंडळी, एवढी शिकली पण गर्व न्हाई. मोठ्या मानसाचं असंच असतं.” पुन्हा टाळ्या. हलगीवाल्याने दोन थापा दिल्या. खरं बोलायला किती धैर्य लागतं यावर सगळे बोलतात. खरं बोलूनही कुणी ऐकलं नाही तर काय करायचं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

तिने माइक परत घेतला. या वेळी घरच्या बोलीत बोलली. “आरं, माझं ऐका. मी डॉक्टर झाले न्हाई. होणारबी न्हाई. त्या फ्लेक्सवरला डोंगर खोटा हाय. म्या हिशोब उलट्या बाजूनं केलता. प्रबंध मी माघारी घेनार हाय.”

आता मात्र मंडपात चिडीचूप झालं. एक म्हातारा शेजारच्याला विचारत होता तेही ऐकू आलं, “मंग फेटा कावून बांधला?” कुणी हसलं नाही. तानाजीचा चेहरा पांढरा पडला होता.

रामप्रसाद सर उठले. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठले आणि माइकपाशी आले.

“मॅडम म्हणतात ते खरं आहे,” ते म्हणाले. “मी दुपारी स्वतः करून पाहिलं.” आणि जाऊन बसले.

तिने दोनदा सांगितलेलं वाडीला पटलं नव्हतं. सरांनी एकदा सांगितलं आणि पटलं. असो. लोक उठायला लागले. रागाने नाही, अवघडून. मयताच्या घरातून उठावं तसे. ट्रॉल्या भरायच्याच होत्या, बहाणा शोधावा लागला नाही. पुढच्या पाच मिनिटांत सतरंजीवर छबुबाई एकटी उरली.

वनमाला स्टेजवरून उतरून तिच्यापुढे बसली. आई रडत असेल असं तिला वाटलं होतं. छबुबाई रडत नव्हती. तिचे डोळे मोठे झाले होते.

“कुणी काढून घेतलं गं?”

“कुणी न्हाई, आय. माझंच चुकलं.”

“एवढी सालं करायलीस. मंग आधी कावून न्हाई बघितलंस?”

दिवसभरात कुणीच विचारलं नव्हतं ते आईने विचारलं.   मागून सर आले होते. त्यांनी खुर्ची ओढली नाही, तेही सतरंजीच्या कडेला टेकले.

“माझं होतं म्हणून नाही बघितलं तिने,” ते म्हणाले.

छबुबाई त्यांच्याकडे वळली. “मंग तुमी कावून न्हाई बघितलं?”

“माझ्या सरांचं होतं म्हणून.”

छबुबाईने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. मग वनमालाकडे. एवढी शिकलेली दोन माणसं आपल्यासमोर अशी खाली मान घालून बसतील, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. मग तिने दोघांच्यामध्ये हात टेकला आणि उठली. “भात वाढते,” म्हणाली. “एवढ्या मानसांचा केलाय.”

ती गेल्यावर वनमालाने फेटा उतरवला. “सर, पत्र मी उद्या देते. तुमचं नाव त्यात येणार नाही.”

“येईल,” सर म्हणाले. “तुझ्याआधी मी देतो. विषय मी दिला होता.” त्यांनीही फेटा उतरवून पिशवीवर ठेवला. “तुला सांगितलं नाही कधी. माझ्या प्रबंधात शेवटच्या पानावर ती रेघ जराशी वर उचललेली आहे. तेवढीच. पुढं जायला त्या काळात संगणकावर वेळ मिळाला नाही मला. पण मला खात्री होती की इथं काहीतरी आहे. निवृत्त झालो तरी होती. तू उंचवटा दाखवलास तेव्हा मी घरी जाऊन देवापुढं साखर ठेवली होती.”

वनमालाला आता रडू आलं. स्वतःचं गेलं तेव्हा आलं नव्हतं. आपण आज सकाळी फोनवर या माणसाचं काय हिरावून घेतलं, ते तिला आत्ता कळत होतं.

“तोंडी परीक्षेत कुणी विचारलं नसतं,” ती डोळे पुसत म्हणाली.

“नसतं,” सर म्हणाले. “मी तुला तेच सांगायला निघालो होतो. रस्त्यात गाडी थांबवून करून पाहिलं, आणि मग सांगवेना.”

छबुबाई पत्रावळी घेऊन आली. दोघांपुढे भात आणि आमटी वाढली आणि सायलीलाही हाक मारली. तानाजी लांब ट्रॉलीपाशी दोर आवळत होता. तो आला नाही, पण त्याने कुणाला तरी पाण्याचा तांब्या घेऊन पाठवलं.

सर जेवेनात. त्यांनी सायलीला विचारलं, “लॅपटॉप आणलायस का बाळ? मला कागदावर आकडे आलेत. रेघ पाहायची आहे.”

सायलीने लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून पडद्याजवळ गेले. मग तर्जनी रेघेच्या डाव्या टोकाला टेकवली आणि हळूहळू पुढे नेऊ लागले, अक्षरं गिरवणाऱ्या मुलासारखे. ती जागा आली तिथे बोट थांबलं. जरासं वर उचललं गेलं, सवयीने. रेघ वर गेली नव्हती. बोट पुन्हा खाली रेघेवर आलं.

“ह्यात काय हाय, गुरुजी?” छबुबाईने विचारलं.

“काही नाही,” रामप्रसाद सर म्हणाले, आणि त्यांनी बोट शेवटपर्यंत नेलं.